ऋणको आणि धनको

व्यवहाराच्या भाषेत कर्ज घेणारा तो ऋणको आणि देणारा तो धनको. बचत खाते उघडणारा मनुष्य स्वतःला सहसा या दोहोंपैकी कोणीच समजत नाही; आपला पैसा सुरक्षित जागी ठेवला, एवढीच त्याची भावना असते. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्या क्षणी ठेवीदार धनको होतो आणि बँक त्याची ऋणको. सुस्थितीतील माणसाला हा भेद केवळ पारिभाषिक वाटेल. परंतु आयुष्यभर ऋणकोच राहिलेल्या वेठबिगाराने मुक्ततेनंतर खाते उघडले की या दोन शब्दांच्या जागा प्रथमच बदलतात आणि त्यातून एक प्रश्न उभा राहतो : कर्जाचा अंत नेमका कशाने होतो?

कर्जापोटी माणूसच अडकवून ठेवण्याची रीत या देशात अनेक नावांनी नांदली. कोरापुटात तिला ‘गोठी’ म्हणत, पलामूत ‘कमिया’, दक्षिण गुजरातेत ‘हाळी’, तर कर्नाटकात ‘जीत’. गोपीनाथ महांती यांच्या ‘परजा’ (१९४५) या ओडिया कादंबरीत एका दंडाच्या रकमेसाठी सावकाराकडे हात पसरावा लागतो आणि बाप व मुलगा दोघेही गोठी होतात. अशा कर्जात श्रम फेडीला लागतात, पण फेड संपत नाही. कारण हिशेबाची वही धनकोच्या घरी असते आणि ती वाचण्याचे सामर्थ्य ऋणकोपाशी नसते.

२५ ऑक्टोबर १९७५ पासून अमलात आलेल्या आणि १९७६ मध्ये संसदेने संमत केलेल्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने हे सारे कर्ज नष्ट झाल्याचे घोषित केले. एवढेच नव्हे, तर अशा कर्जापोटी काही स्वीकारणाऱ्या धनकोला तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा ठेवली. म्हणजे ऋणकोला फेडावेसे वाटले तरी धनकोने ते घ्यावयाचे नाही. ही तरतूद विचार करावयास लावणारी आहे. घेतलेले परत करावे, दिलेला शब्द पाळावा, हा सामान्य माणसाचा धर्म. मनुष्य जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी असतो, अशी या भूमीची जुनी धारणा. मग कर्ज कायद्याने पुसणे म्हणजे वचनभंगाला राजमान्यता देणे नव्हे काय?

तसे म्हणता येत नाही. वचन देणाऱ्यापाशी उद्याचा दिवस स्वतःचा असावा लागतो, तरच तो त्यातील काही भाग दुसऱ्याला देऊ करू शकतो. ज्या करारात सगळेच उद्या लिहून घेतले जातात, त्यात वचन देणारा स्वतंत्र माणूसच उरत नाही. पितरांचे ऋण फेडताना मनुष्य मोठा होतो. सावकाराचे हे ऋण फेडताना तो उत्तरोत्तर लहान होत जातो. कायद्याने येथे वचन मोडले नाही; मुळात ते वचनच नव्हते, एवढे मान्य केले.

तथापि, पुसलेल्या कर्जाने पोट भरत नाही. मुक्तता झाली, पण पुनर्वसन झाले नाही, तर दारिद्र्य त्या माणसाला पुन्हा वेठीकडेच लोटील, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये नीरजा चौधरी यांच्या याचिकेवर निर्णय देताना बजावले. आजारपण, लग्न, करपलेले पीक यांपैकी एखादा प्रसंग आला, की पाय जुन्याच उंबरठ्याकडे वळतात. केंद्र शासनाच्या २०१६ च्या पुनर्वसन योजनेत स्त्रिया व बालके यांच्यासाठी २ लाख रुपयांचे साहाय्य ठरले. त्यातील १ लाख २५ हजार वार्षिकी ठेवीत आणि ७५ हजार लाभार्थ्याच्या खात्यावर. येथे आणखी एक शंका येते. काल ज्याचे श्रम दुसऱ्याच्या ताब्यात होते, त्याचा पैसा आज त्याच्याच हितासाठी दुसऱ्याने अडकवून ठेवावा काय? लुबाडले जाण्याचे भय खरे आहे; पण गरिबाला काटकसरीचे धडे देत राहण्यात तो आपल्याच उधळेपणाने बुडाला, असा अन्यायकारक आरोप दडलेला असतो. ज्याला उरवण्याजोगे कधी मिळालेच नाही, त्याला उधळ्या कसे म्हणावे? म्हणून खात्याचे नैतिक मोल ठेवण्यात तितकेसे नाही, जितके कोणाला कारण न सांगता काढता येण्यात आहे.

१८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे हिसकावून जाळले. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने कर्जदार शेतकऱ्याला आपला हिशेब पासबुकात लिहून मागण्याचा हक्क दिला. त्या पासबुकात तो किती देणे लागतो हे लिहिले जाई. आज मुक्त झालेल्या मजुराच्या हातातील पासबुकात त्याचे किती येणे आहे हे लिहिलेले असते. कदाचित त्याला तेही वाचता येत नसेल. पण ते त्याच्या घरी राहते, आणि शेजारच्या शाळकरी मुलाकडून तो ते वाचून घेऊ शकतो.

या नव्या धनकोने ऋणकोकडून आपले पैसे मागावेत, घ्यावेत आणि हवे तर खाते बंद करून निघून जावे. त्यासाठी कोणाचे आयुष्य तारण लागत नाही. ज्या संबंधातून दोघांनाही मोकळे होता येते, तोच खरा व्यवहार. रोखा रद्द होतो त्या दिवशी जुने कर्ज संपते. ऋणकोपण मात्र तेव्हाच संपते, जेव्हा पुढच्या आजारपणात तो माणूस सावकाराच्या ओसरीवर न जाता स्वतःच्या खात्यातून औषधापुरते पैसे काढून आणतो.