नाव घेऊन ओळखलेलं झाड

राणीच्या बागेच्या फाटकातून आत शिरलं की मुलांचे पाय पिंजऱ्यांकडे धावतात. वाघ कुठे, हत्ती कुठे, आणि आता पेंग्विन कुठे! वाटेत गोरखचिंचेचा अवाढव्य बुंधा उभा असतो. त्याला वळसा घालून माणसं पुढे जातात, पण झाड मात्र त्यांना दिसलेलं नसतं. लहानपणी मीही कित्येकदा तसाच पुढे गेलो आहे.

भायखळ्याची ही बाग 1862 साली लोकांसाठी उघडली, ती वनस्पती उद्यान म्हणून. प्राणी नंतर आले. या बागेच्या आधीची बाग शिवडीला होती. ती जागा दफनभूमीसाठी गेली आणि झाडांचा संसार इकडे मांडला गेला. आजूबाजूला गिरण्या उभ्या राहिल्या, चाळी वाढल्या. दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा माणसं राहायची. त्या घरांना अंगण नव्हतं. रविवारी डबा बांधून, पोरांना घेऊन इथे आलं की तेवढ्यापुरतं अंगण मिळायचं. या बागेचं मोठेपण मला सर्वांत जास्त यातच वाटतं.

इथली कितीतरी झाडं परमुलखातली आहेत. कैलासपती दक्षिण अमेरिकेचा. त्याची फुलं थेट बुंध्यावर येतात. आपल्या माणसांना त्या फुलात पिंडीवर फणा धरलेला नाग दिसला आणि झाड शंकराचं झालं. गोरखचिंच आफ्रिकेची, तिला गोरखनाथांचं नाव मिळालं. ब्रह्मदेशातून आलेलं, लालभडक फुलांची झुंबरं लटकवणारं देखणं झाड आपल्याकडे उर्वशी झालं. पाहुण्याला नाव दिलं की तो घरचा होतो.

2007 च्या सुमारास इथल्या प्राणिसंग्रहालयाच्या मोठ्या कायापालटाचा आराखडा पुढे आला. प्राण्यांना मोकळी जागा हवीच, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण झाडांचं काय, हा प्रश्न काही महिलांनी लावून धरला. हातात सत्ता नव्हती. होती ती झाडांची ओळख. त्यांनी जाती ओळखल्या, नोंदी केल्या, वारसा समितीपुढे म्हणणं मांडलं. सुमारे तीन हजार झाडं आणि अडीचशेहून अधिक जाती असलेली ही बाग केवळ पिंजऱ्यांमधली हिरवळ नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. मूळ आराखडा मागे पडला.

‘झाडं तोडू नका’ हे कुणीही म्हणतं. कोणतं झाड, कुठे उभं आहे, ते गेलं तर शहरात तसं दुसरं उरेल का, हे सांगायला मात्र बुंध्यापाशी उभं राहावं लागतं. सार्वजनिक म्हणजे कुणाचंच नाही, असं धरून आपण चालतो. त्या महिलांनी ते स्वतःचं मानलं, म्हणून त्यांना मोजदादीचा कंटाळा आला नाही. नागरिकाचं कर्तव्य म्हणतात ते मला या मोजदादीत दिसतं.

येत्या रविवारी मुलांना घेऊन राणीच्या बागेत जाल, तेव्हा वाघाकडे जाण्याआधी एका झाडाखाली थांबा. त्याचं नाव वाचा आणि मुलांकडून मोठ्यानं म्हणवून घ्या.