'काहीतरी'ची भीती

भयकथा लिहिणाऱ्याला एक गोष्ट लवकर उमगते. भुताचे दात, नखे, डोळे मोजून सांगितले की त्याचे पिंजऱ्यातले जनावर होते. 'दाराबाहेर काहीतरी उभे होते' एवढेच लिहिले की ते वाचणाऱ्याच्या घरात शिरते. त्याला चेहरा वाचकच देतो, तोही स्वतःच्या भीतीतून. मराठीत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांना हे पुरते ठाऊक होते. आमच्या दादी-नानींना तर त्याहून आधी. तिन्हीसांजेला चिंचेखाली जाऊ नये म्हणताना जिन्नाचे वर्णन त्या कधी करीत नसत. आवाज खाली आणून 'वो' म्हणत, आणि तेवढ्यावर भागत असे.

यात गैर काही नाही. पण हीच लेखणी माणसांकडे वळली की काय होते?

अमेरिकन लेखक एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०-१९३७) हा या अंधुकपणाचा उस्ताद. आपले राक्षस शब्दांत मावत नाहीत, असे तो पुनःपुन्हा सांगतो. त्याच्या कथांतला एक शापित ग्रंथ कोणा 'वेड्या अरबा'ने, अब्दुल अल्हझरेदने लिहिलेला. परक्या वाचकाला ते नावच काळोखी वाटते. आम्हांला मात्र हसू येते. 'अब्दुल'मध्ये 'उल' आहेच, पुन्हा 'अल' कशाला? असे नाव कोणी अरब बाप ठेवणार नाही. लहानपणी अरबी सुरस कथांच्या नादात त्याने ते स्वतःसाठी घेतले होते, म्हणून माफ करू. एक मात्र लक्षात येते : ज्याला ठाऊक आहे, त्याला भीती वाटत नाही.

१९२७ साली छापून आलेल्या 'द हॉरर ॲट रेड हुक' या कथेला मात्र अशी माफी देता येत नाही. तिच्यात न्यूयॉर्कमधली स्थलांतरितांची वस्ती आहे. सीरियन आहेत, कुर्द आहेत. पण हे सारे मिळून एक काळवंडलेला, पुटपुटणारा जमाव. कोणाचे दुकान नाही, कोणाची आई आजारी नाही. ती लिहिली तेव्हा लेखक त्या वस्तीपासून फार दूर राहत नव्हता. चार घरे फिरून पाहिली असती, तर कथा उभीच राहिली नसती. कला ही कला असते, हा युक्तिवाद आम्ही ऐकला आहे. जिन्नापुरता तो आम्हांला मान्य आहे.

आमच्या कोल्हापुरात ७ जून २०२३ रोजी मोबाइलच्या स्टेटसवरून दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावे लागले. अशा दिवसांत फिरणाऱ्या निरोपांत नाव नसते, गल्ली नसते. 'ते' असतात, आणि 'येणार' असतात. आमच्या मोहल्ल्यांतही 'ते'च असतात, हे सांगायला हवे. ज्या तालमींत मोहरमचे पंजे बसतात आणि गणपतीही, तिथे 'ते' म्हणजे अमुक पैलवान, तमुक दूधवाला. त्याच शहरात, एका संध्याकाळीत, ते बिनचेहऱ्याचे होतात.

पुढच्या वर्षी, १४ जुलै २०२४ रोजी, विशाळगडाच्या वाटेवरच्या गजापुरात घरांवर आणि मशिदीवर हल्ला झाला. पंचनाम्यात दार, कौल, गाडी असे मोजून लिहावे लागते. तिथे 'काहीतरी' चालत नाही.