एका अक्षरांतील हृदय

कन्फ्यूशियस यास त्याच्या त्झूकुंग नांवाच्या शिष्यानें एकदां विचारलें कीं, जन्मभर आचरावयास पुरेल असा एखादा एकच शब्द आहे काय? गुरूनें ‘षू’ हा शब्द सांगितला, आणि जें आपणांस नकोसें वाटतें तें दुसऱ्यावर लादूं नये, असा त्याचा अर्थ उलगडला. साऱ्या आयुष्याचा भार ज्या एका अक्षरावर ठेवला गेला, त्याचा पुढील इतिहास विचार करावयास लावणारा आहे.

या अक्षराचे अवयव दोन. वर ‘सारखें’ या अर्थाचें चिन्ह, खालीं हृदयाचें. इ. स. १०० च्या सुमारास कोशकार श्यू शेन यानें वरचा अवयव केवळ उच्चारदर्शक मानला. पुढील भाष्यकारांनीं मात्र ‘हृदयासारखें’ अशी फोड केली. आपल्या हृदयावरून दुसऱ्याचें हृदय ओळखणें तें ‘षू’. कोशकाराची व्युत्पत्ति अधिक शास्त्रीय असेल, पण शब्दाचें मर्म भाष्यकारांस सांपडलें, असें म्हणावेसें वाटतें. आपल्याकडील ‘आत्मौपम्य’ हा शब्द येथें सहज आठवतो.

हें अक्षर शेजारच्या देशांतहि गेलें. जपानांत त्याचा उच्चार ‘ज्यो’ झाला, आणि देशी वाचनांत तें ‘युरुसु’, म्हणजे ‘क्षमा करणें’, असें वाचूं लागले. कोरियांत तें ‘सॉ’ झालें. ‘सामावून घेणें’ या अर्थाच्या अक्षराशीं जोडून बनलेला ‘योंगसॉ’ हा तेथील क्षमेचा नित्याचा शब्द होय. आतां तो हंगुल लिपींत लिहितात. त्यामुळें लिहिणाराच्या डोळ्यांपुढें तें हृदय येतहि नाहीं. खुद्द चीनमध्यें या अक्षराला क्षमेचाच अर्थ मुख्यत्वें चिकटला. विकलेला माल परत घेतला जाणार नाहीं, क्षमा असावी, अशा अर्थाच्या दुकानांतील पाटीचा आरंभ याच अक्षरानें होतो!

या प्रवासांत कांहीं हरवलें काय? दुसऱ्याच्या जागीं स्वतःस ठेवून पाहणें आणि त्याचा अपराध पोटांत घालणें, या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिलींत दोघे एकाच भूमीवर उभे असतात. दुसरींत क्षमा करणारा बहुधा एक पायरी वर चढलेला असतो.

सुंग काळांतील फान छुनरन (१०२७–११०१) या मुत्सद्द्याचा उपदेश असा होता कीं, ज्या मनानें आपण दुसऱ्यांस दोष देतों त्या मनानें स्वतःस दोष द्यावा, आणि ज्या मनानें स्वतःस क्षमा करतों त्या मनानें दुसऱ्यांस क्षमा करावी. उपदेश किती उदार वाटतो! परंतु तत्त्वज्ञ चू शी (११३०–१२००) यानें त्याच्या उत्तरार्धावर नेमकें बोट ठेवलें. ‘षू’ हें दुसऱ्याविषयीं आचरावयाचें असतें. तें स्वतःस लावावयाचें नाहीं. स्वतःचे दोष झांकून तीच सवलत दुसऱ्यास दिली, तर दोघेहि मिळून अधोगतीस जातील.

आपल्या घरांत पाहिलें तरी हें पटेल. स्वतः सहज खोटें बोलणारा बाप मुलाच्या थापेकडे हंसून काणाडोळा करतो, आणि आपण क्षमाशील आहों असें मानतो. ही उदारता नव्हे. हा दोघांतील मूक करार आहे. खोटें सोडतांना किती झगडावें लागतें हें ज्यानें स्वतः अनुभविलें, तो बाप मुलाची थाप खपवून घेणार नाहीं. पण त्याला तुच्छहि लेखणार नाहीं. त्याची क्षमा वरून पडत नाहीं, शेजारून येते.

त्झूकुंगचीच आणखी एक हकीकत आहे. इतरांनीं माझ्यावर जें लादूं नये असें वाटतें, तें मीहि इतरांवर लादूं इच्छीत नाहीं, असें तो एकदां बोलून गेला. तेव्हां गुरूनें त्याला बजावलें कीं, तुझी मजल अजून तेथवर गेलेली नाहीं. उत्तर कठोर खरें. पण आपण कोणाला क्षमा केल्याचें समाधान मिरवूं लागतों, तेव्हां तें आपणांसहि लागू नाहीं काय?