समासातील लेखणी

ग्रंथालयाच्या पुस्तकात समासावर एक अक्षरही लिहू नये, हा नियम आम्ही विद्यार्थिदशेत ऐकला आणि पुढे विद्यार्थ्यांना सांगितला. मुद्रणदोष डोळ्यांस कितीही टोचला तरी हात आवरावा, यालाच वाचकाचा विनय म्हणत. गेल्या वीस वर्षांत मात्र ग्रंथपालांनीच इतरांच्या हाती लेखणी देण्याचा प्रयोग केला आहे. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिले विकी सुरू केले. हवाई बेटांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ ‘चटकन’. कोणीही लिहावे, कोणीही सुधारावे, अशी ही संगणकावरील सामाईक वही. २००५ साली अमेरिकन ग्रंथालय संघाची परिषद शिकागो येथे भरली, तेव्हा तेथील माहिती व व्याख्यानांचे वृत्तांत ग्रंथपालांनी अशाच वहीत मिळून लिहिले.

यावर आक्षेप असा, की जे सर्वांचे ते कोणाचेच नव्हे. दहा हातांच्या मजकुराची जबाबदारी कोणावर? आक्षेप अगदीच पोकळ नाही. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या नकलकारांच्या हातून जाता जाता त्यांत इतके अपपाठ शिरले, की शके १५०६ मध्ये एकनाथांना तो ग्रंथ शुद्ध करावा लागला. परंतु कोणत्या नकलकाराने कोणता शब्द बदलला, याची खूण मागे राहत नसे. विकीत प्रत्येक फेरफाराची नोंद वेळेसह राहते व जुना पाठ परत आणता येतो. येथे हात अनेक असले, तरी त्यांचे काम लपून राहत नाही.

मग दोष उरतो तो कोठे? आमच्या मते, लिहिणाऱ्यापेक्षा न लिहिणाऱ्यात. छापील चूक पाहून गप्प बसणारा वाचक निर्दोष होता, कारण ती सुधारण्याचा त्यास अधिकार नव्हता. येथे तो आहे. ग्रंथालयाची वेळ बदलली, वहीतील नोंद जुनीच राहिली. जाणत्याने ती पाहिली आणि तो पुढे गेला. दूर गावाहून आलेला वाचक बंद दारापाशी उभा राहिला, तर त्या हेलपाट्याचा दोष कोणाकडे जातो? केलेला फेरफार नोंदीत दिसतो, टाळलेला दिसत नाही. म्हणून त्याचा हिशेब ज्याचा त्यानेच ठेवावा लागतो. अर्थात चटकन लिहिण्याची मुभा असली, तरी आधी खात्री करून घेणे हे या कर्तव्याचेच अंग होय.

हात आवरण्याचा विनय आम्ही शिकलो. योग्य वेळी हात पुढे करण्याचे कर्तव्य त्याहून कठीण आहे, आणि ते आम्हांस या वयात शिकावे लागत आहे.