तालमीतील पोर आणि पौरुषाचा बाजार

पंढरपूरहून टेंभुर्णीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील करकंब हे गाव त्याच्या बाजार आमटीमुळे जिल्ह्याबाहेरही ठाऊक झाले आहे; परंतु या मुलखात उसाच्या जोडीला द्राक्षाचे जे मळे उभे राहिले, त्यांतील एक काम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. मणी लांबावा आणि फुगावा म्हणून बागाईतदार घडांना जिब्रेलिक आम्लाची, म्हणजे तो ज्याला नुसते ‘जीए’ म्हणतो त्या वनस्पतिसंप्रेरकाची, बुडवणी देतो; आणि ती देताना मणी कोणत्या अवस्थेत आहे, पाण्याची आम्लता किती आहे, द्रावण किती पीपीएमचे झाले आहे, याचा हिशेब तो अत्यंत चोख ठेवतो, कारण मात्रा चुकली किंवा वेळ टळली तर वर्षाची मेहनत मातीमोल होते हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. संप्रेरक किती सूक्ष्म प्रमाणात केवढे कार्य करते याचे ज्ञान येथे असे घरोघर असता, त्याच घरातील सतरा-अठरा वर्षांचा मुलगा ‘टेस्टोस्टेरॉन वाढवणारा’ म्हणून एखादा डबा विकत आणतो आणि त्यात काय आहे, किती आहे, हे त्याला कोणीही विचारीत नाही, ही विसंगती मला मोठी चिंतेची वाटते.

हा मुलगा व्यसनी नसतो, हे प्रथम सांगितले पाहिजे. तो पहाटे उठतो, जोर-बैठका मारतो, ताक, तेल, लिंबू आणि हळद घालून मळलेल्या तांबड्या मातीचा हौदा स्वतः खणून भुसभुशीत करतो, आणि वस्तादांच्या पाया पडून लढतीस उभा राहतो. किंवा पोलीस भरतीच्या सोळाशे मीटर धावण्यासाठी आणि गोळाफेकीसाठी ऊर फुटेपर्यंत सराव करतो. त्याच्यापुढे जत्रेच्या फडाची किंवा भरतीची मुदत असते, घरची परिस्थिती बेताची असते, आणि शेजारचा पठ्ठा सहा महिन्यांत भरलेला त्याला दिसतो. नेमक्या त्याच क्षणी ‘तुझ्यात पौरुष कमी आहे’ असे सांगणारा विक्रेता त्याला भेटतो.

वस्तुस्थिती अशी की, पौरुषाच्या या संप्रेरकाचा साठा निसर्गतः जर कोणाजवळ भरपूर असेल, तर तो याच वयाच्या निरोगी तरुणाजवळ. प्रौढ पुरुषाच्या रक्तात दर डेसिलिटरला सुमारे 300 ते 1000 नॅनोग्रॅम टेस्टोस्टेरॉन असते. ते सकाळी सर्वांत अधिक असते, दिवस चढतो तसे उतरते, आणि तिशीनंतर वर्षानुवर्षे सावकाश घटत जाते. या मर्यादेत एकाचा आकडा 450 आणि दुसऱ्याचा 700 असला म्हणून दुसऱ्याचे स्नायू त्या प्रमाणात अधिक वाढतात, असे व्यायामशास्त्रातील प्रयोगांत दिसून आलेले नाही. दुपारी, अपुऱ्या झोपेनंतर, एकदाच रक्त तपासून हाती आलेल्या आकड्यावरून घाबरून जाणे हे तर निव्वळ अज्ञान होय.

या डब्यांवर पुष्कळदा ज्या वनस्पतीचे नाव झळकते ती ‘ट्रिब्युलस’, म्हणजे आपला सराटा. सोलापूरच्या माळरानावर अनवाणी चाललेल्या प्रत्येकाच्या टाचेने ओळखलेला हा काटा गोखरू या नावाने दशमुळांत शतकानुशतके आहे, आणि औषधी म्हणून त्याचा मान मी कमी लेखीत नाही. परंतु बल्गेरियाच्या भारोत्तोलकांच्या कीर्तीबरोबर जगभर पसरलेला त्याचा दावा जेव्हा कसोटीला लावला गेला, तेव्हा 2005 मध्ये तरुण पुरुषांवर आणि 2007 मध्ये ऑस्ट्रेलियातील रग्बी खेळाडूंवर झालेल्या प्रयोगांत तो टिकला नाही: रग्बीच्या खेळाडूंनी सराटा पाच आठवडे घेतला, आणि त्यांचे बळ तो न घेणाऱ्यांपेक्षा अधिक वाढले नाही. अश्वगंधेची कैफियत किंचित निराळी आहे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय प्रयोगात 57 पुरुषांपैकी ती घेणाऱ्यांच्या टेस्टोस्टेरॉनमध्ये आठ आठवड्यांनी काही वाढ दिसली, पण एवढ्या लहान प्रयोगावर बाजाराने उभारलेला इमला फार मोठा आहे.

डब्यात नुसता सराटाच असता, तर पैसे वाया गेले म्हणून गप्प बसता आले असते. जर्मनीतील कोलोन येथील प्रयोगशाळेने तेरा देशांत विकत घेतलेली 634 पूरके तपासली आणि त्याचा अहवाल 2004 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी 94 पूरकांत, म्हणजे सुमारे सातांतील एकात, वेष्टनावर न लिहिलेली संप्रेरकजन्य द्रव्ये निघाली. खेळाच्या कायद्यात अजाणतेपणाचा बचाव फारसा चालत नाही. सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव 2016 च्या रिओ ऑलिम्पिकपूर्वी मेथॅन्डिएनोन या स्टेरॉइडच्या चाचणीत सापडला. आपल्या खाण्यापिण्यात कोणी तरी ते मिसळले हा त्याचा खुलासा राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने मान्य केला, परंतु 18 ऑगस्ट रोजी, लढतीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादाने तो अमान्य करून चार वर्षांची बंदी फर्मावली. त्या प्रकरणात सत्य काय होते याचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच, हा नियम किती कठोर आहे एवढेच मला तरुणांच्या नजरेस आणावयाचे आहे.

डब्यानंतरची पायरी सुईची. व्यायामशाळांच्या आडोशाने स्टेरॉइडची आणि शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब चढविण्यासाठी असलेल्या मेफेंटरमाइनची इंजेक्शने विकणाऱ्यांवर महाराष्ट्रात कारवाया झाल्या आहेत. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचले म्हणजे स्नायू वाढतात, हे खोटे नाही, आणि ते नाकारणारा उपदेशक तरुणांचा विश्वास गमावून बसतो. पण रक्तात बाहेरचे संप्रेरक वाढताच मेंदूतील पीयूषिका ग्रंथी वृषणांना जाणारा संदेश थांबवते. वृषण आकसतात, शुक्राणू घटतात, जादा संप्रेरकाचे रूपांतर होऊन छातीवर स्तनासारखी वाढ होते, आणि ज्याची उंची अद्याप वाढावयाची आहे अशा कोवळ्या मुलाच्या हाडांची टोके अकाली मिटून ती वाढ कायमची खुंटते. पौरुषासाठी घेतलेले औषध पौरुषाचाच झरा आटवते.

मग मुलाने करावे काय? ज्या गोष्टींनी त्याचे संप्रेरक खरोखर घटते, त्या आपण त्याच्यावर स्वतःच लादलेल्या आहेत. 2011 मधील एका प्रयोगात निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिले, तेव्हा त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन 10 ते 15 टक्क्यांनी उतरले. आणि आमची मुले रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहून पहाटे चारला मैदानावर हजर होतात. वजनगट गाठण्यासाठी उपाशी राहणाऱ्या अमेरिकन मल्लांच्या रक्तात हंगामात हे संप्रेरक उतरलेले असते, हे 1985 मध्येच नोंदले गेले आहे. आणि 1997 च्या अखेरीस असेच झपाट्याने वजन उतरवताना तेथील तीन महाविद्यालयीन मल्ल मरण पावले, तेव्हा कुठे नियम बदलले. मल्ल खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकहून कांस्यपदक आणले, तेव्हा त्यांच्यामागे गोळेश्वरची माती, वस्तादांची शिकवण आणि लोकवर्गणी होती. दूध, तूप, बदामाची थंडाई, डाळ, भाकरी, अंडी हा खुराक आणि आठ तासांची झोप यांची तजवीज करणे हे मोठ्यांचे कर्तव्य आहे. डब्याला चार हजार रुपये काढून देणारा बाप तेवढ्याच पैशांत मुलाला कित्येक आठवडे दूध पाजू शकतो.

म्हणून वस्तादांना आणि पालकांना माझी हात जोडून विनंती आहे की, पोराच्या पिशवीत काय आहे ते त्याला न रागावता विचारा. वयात येण्याची लक्षणे उशिरापर्यंत दिसत नसतील, तर दुकानदाराकडे न जाता संप्रेरकतज्ज्ञाकडे जा आणि सकाळच्या वेळी, निरनिराळ्या दिवशी, दोनदा रक्त तपासून घ्या. आणि त्याने सुई आधीच सुरू केली असेल, तर ती डॉक्टरांपासून लपवू नका: सुई थांबल्यावर त्याच्या शरीराला स्वतःचे संप्रेरक पुन्हा बनवू लागण्यास काही महिने लागतात, आणि त्या काळात त्याच्याजवळ जाणता माणूस हवा.