विद्येचे ऋण आणि श्रद्धेची मालकी

विद्या देणाऱ्याचा विद्यार्थ्याच्या श्रद्धेवर काही हक्क पोचतो काय, हा प्रश्न आपल्याकडील धर्मचर्चेत क्वचितच सरळ विचारला जातो. कारण गुरूचे नाव निघताच आपली मान आपोआप लवते, आणि लवलेल्या मानेने विचार करणे कठीण असते. वस्तुतः शास्त्रकारांनी ऋषिऋण फेडण्याचा जो मार्ग सांगितला तो अध्ययनाचा आहे, आज्ञाधारकपणाचा नव्हे. शिरूर आणि दौंड या लगतच्या तालुक्यांच्या अवर्षणग्रस्त मुलखात, पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगावी ज्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे घालविली, त्या पंडिता रमाबाईंचे बाल्य आणि शिक्षण न्याहाळले असता हा भेद किती महाग पडतो ते दिसून येते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीच्या कर्नाटकाकडील अरण्यातला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पुण्यात अध्ययन करीत असता आपले गुरू दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीस संस्कृत शिकवितात हे पाहिले होते. आणि पेशव्यांच्या वाड्यात जे चालते ते आपल्या ओसरीवर का चालू नये, अशा सरळ तर्काने त्यांनी पुढे आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला शिकविण्यास आरंभ केला. त्याबद्दल उडुपीच्या पंडितसभेपुढे जाब देण्याचा प्रसंग आला, तेव्हा शास्त्रीबोवांनी आपली कैफियत शास्त्राधारेच मांडली. त्या लक्ष्मीबाईंनी, तीर्थयात्रेच्या धकाधकीत, पहाटेच्या वेळी मुलीला जवळ घेऊन भागवताचे सहस्रावधी श्लोक मुखोद्गत करविले. तथापि या बंडखोर पित्यानेही एक कुंपण राखलेच होते: काव्य आणि पुराणे स्त्रीने खुशाल पढावी, वेदांना मात्र हात लावू नये. सुधारक आपल्या काळाच्या चार पावले पुढे जातो आणि पाचव्या पावलास अडतो, ही गोष्ट आपण त्यांच्या चरित्रांत सहसा लिहीत नाही.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात आईबाप आणि पाठोपाठ थोरली बहीण गेली. सारे द्रव्य व्रते, दाने आणि ब्राह्मणभोजने यांत वेचूनही देवाने दार उघडले नाही, हा अनुभव कन्येच्या मनात ठसला. भावासह पायी भटकत ती १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या आणि ब्राह्मो पुढारी केशवचंद्र सेनांनी वेदांची प्रत हाती ठेवून ती वाचण्याचा आग्रह केला. पित्याने घातलेले कुंपण पित्यानेच दिलेल्या संस्कृताच्या बळावर ओलांडले गेले. हिला कृतघ्नता म्हणावी काय? मला तरी तसे म्हणवत नाही.

विवाह, दीड वर्षात वैधव्य, पुण्यातील आर्य महिला समाज, हंटर कमिशनपुढील साक्ष, हा भाग सर्वश्रुत आहे. १८८३ साली रमाबाई इंग्लंडात वाँटेज येथील आंग्लपंथी भगिनींच्या मठात गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मठाने अन्न, आसरा आणि विद्या दिली, आणि त्याबरोबर विद्यार्थिनीने पंथाचे सर्व सिद्धांत निमूटपणे स्वीकारावेत अशी अपेक्षाही ठेवली. परंतु उडुपीच्या सभेत कैफियत मांडणाऱ्याची ही मुलगी! त्रैक्याच्या सिद्धांताविषयी तिने शंका काढल्या, मांसाहार नाकारला, चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात तिने पुरुषांना शिकवू नये असे हिंदुस्थानातील दोन बिशपांनी सुचविले तेव्हा तिने खरमरीत निषेध नोंदविला, आणि आपल्या धर्ममाता जेराल्डीन यांना तिने स्पष्ट लिहिले की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून महत्प्रयासाने सुटून दुसऱ्याचे जोखड मानेवर घेण्याची आपली तयारी नाही. जेराल्डीनबाईंना यात अहंकार दिसला. गुरूला तसे दिसणे स्वाभाविकच आहे.

याच सुमारास आयर्लंडात चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल हा पुढारी गाजत होता. प्रॉटेस्टंट जमीनदाराचा हा मुलगा, शिक्षण इंग्लंडात, १८६५ पासून काही वर्षे केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात, तेही पदवीवाचून; आणि तोच १८७९ मध्ये लँड लीगचा अध्यक्ष होऊन बहुशः कॅथलिक कुळांच्या वतीने जमीनदारांविरुद्ध उभा राहिला. राज्यनिष्ठ सद्गृहस्थ घडविण्याकरिता दिलेल्या शिक्षणातून विरोधक घडला. त्याचा कज्जा मात्र सत्तेशी आणि जमिनीशी होता. रमाबाईंचा स्वतःच्या उपकारकर्त्यांशी, म्हणून अधिक अवघड.

येथवर न्याय रमाबाईंच्या पक्षी आहे. पण पुढे त्या स्वतःच देणाऱ्या झाल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन हे विधवांसाठीचे निवासी विद्यालय त्यांनी उघडले तेव्हा तेथे धर्मप्रसार होणार नाही असे अभिवचन होते. सदन पुण्यास आल्यावर मुली बाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या, आणि १८९३ साली रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले. आपण कोणावर बळजबरी केली नाही, आपली खोली मात्र उघडी होती, असा रमाबाईंच्या उत्तराचा आशय होता. त्यात असत्य नाही, पण ज्या घरात अन्न एकाच हातून मिळते तेथे उघड्या दारालाही ओढ असते. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून सुमारे ३०० निराश्रित मुली त्यांनी आणल्या, आणि केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभे राहिले. त्या मुलींच्या धर्माची विचारपूस करणारे पुष्कळ निघाले, त्यांच्या भाकरीची करणारे थोडे. तेव्हा टीकाकारांचा कैवार घेण्याची मला इच्छा नाही. तरीही वाँटेजला गेलेली रमाबाई पंचविशीची, शास्त्रे कोळून प्यालेली विदुषी होती, आणि केडगावी आलेली मुलगी उपासमारीने खंगलेली, निरक्षर, आठदहा वर्षांची. पहिलीच्या संमतीला जो अर्थ होता तो दुसरीच्या संमतीला कोठून यावा?

रमाबाईंनी त्या मुलींना अक्षरओळख दिली, शेती, विणकाम, छापखान्याचे काम शिकविले, म्हणजे स्वतःच्या पायावर उभे राहण्याची साधने दिली. परंतु रमाबाईंनी जेराल्डीनबाईंना लिहिले तसे पत्र मुक्तिसदनातील एखाद्या मुलीने रमाबाईंना लिहिले असते, तर ते त्यांनी कोणत्या मनाने वाचले असते? लिहिण्याचे सामर्थ्य त्यांनी निःसंशय दिले होते. लिहिण्याची मुभाही दिली होती काय, याविषयीचा माझा संशय अजून फिटलेला नाही.