दारात झाड लावा

(वाचनासाठी : यिर्मया २९:४-७, फिलिप्पै ३:४-१४, लूक ९:६१-६२)



आपल्या माढा तालुक्यात भीमा नदीवर उजनीचे धरण आहे. १९८० साली ते पूर्ण झाले. आपल्या भागातला ऊस, केळी, डाळिंब बहुतांशी याच पाण्यावर उभी आहेत. पण या पाण्याखाली कित्येक गावे आहेत, हे एरवी आपल्या ध्यानात नसते. पाऊस दगा देतो तेव्हा ती वर येतात. २०२४ च्या उन्हाळ्यात धरणाचा साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला होता. अशा वेळी इंदापूर तालुक्यातल्या जुन्या पळसदेवचे मंदिर उघडे पडते, घरांची जोती दिसू लागतात. लोक मुलाबाळांना घेऊन पाहायला जातात आणि संध्याकाळी परत येतात.

अशाच एका बुडालेल्या गावचे, सत्तरी ओलांडलेले एक आजोबा मला भेटले. बोलता बोलता ते म्हणाले, "फादर, नव्या जागी आलो तवा शेजाऱ्यानं दारात आंब्याचं रोप लावलं. मी न्हाई लावलं. म्हनलं, हितं आपलं गाव थोडंच हाय? आता त्याची नातवंडं आंबं खात्यात. माझ्या दारात अजून ऊन हाय."

त्यांचे दुःख खरे होते. नदीकाठची काळी जमीन गेली, वाडवडिलांचे घर गेले. त्याला कोणी किरकोळ म्हणू नये. पण दारातले ते ऊन काही धरणाने आणलेले नव्हते.

ख्रिस्तपूर्व ५९७ साली नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमच्या लोकांना बाबेलात पकडून नेले. दोन वर्षांत सारे पूर्ववत होईल, असे सांगणारे संदेष्टे तेव्हाही होते, आणि लोकांना ते गोड वाटत. यिर्मयाने मात्र त्या बंदिवानांना पत्र लिहून उलटेच कळवले : तिथेच घरे बांधा, मळे लावा, त्यांची फळे खा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. यरुशलेम विसरा, असे तो म्हणत नाही. देव फक्त मागे सोडलेल्या गावातच भेटतो असे समजू नका, हे त्याला सांगायचे आहे.

संत पौलही मागच्या गोष्टी विसरून पुढच्या लक्ष्याकडे धाव घेत असल्याचे लिहितो. आपल्याला वाटते, तो आपली पापे मागे टाकत असावा. पण तो अध्याय नीट वाचा. तिथे पौलाने यादी दिली आहे ती अभिमानाच्या गोष्टींची : आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाचा वंश, परुशी पंथ, नियमशास्त्राप्रमाणे निर्दोष जीवन. ख्रिस्तासाठी हे सारे तो तोट्यात जमा करतो.

म्हणजे आपल्या पाठीवर गाठोडी एकाहून अधिक असतात. एक मोठेपणाचे : 'आमच्या काळी देऊळ कसे भरायचे', 'मी इतकी वर्षे कमिटीत होतो'. दुसरे रागाचे : बांधावरून झालेले भांडण, लग्नात न मिळालेला मान. मिस्सेत शांतीचा हात देण्याची वेळ येते तेव्हा सख्खे भाऊ एकमेकांची नजर चुकवतात, हे वेदीवरून मला दिसते. तिसरे गाठोडे लाजेचे, आणि तेच सर्वांत जड. पापाची कबुली देऊन वर्षे झाली, क्षमाही मिळाली, तरी मनातला खटला काही संपत नाही. पेत्राला आठवा. कोळशाच्या शेकोटीपाशी त्याने प्रभूला तीनदा नाकारले. पुनरुत्थित प्रभूने तळ्याकाठी पुन्हा कोळशाचा विस्तव पेटवला आणि प्रीतीविषयी तीनदा विचारले. जुनी गोष्ट त्याने उगाळली नाही, बरी केली, आणि लगेच पेत्राच्या हाती कळप सोपवला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. भूतकाळ सोडणे म्हणजे अन्याय मुकाट्याने गिळणे नव्हे. ज्याचा मोबदला अडला आहे, त्याने जरूर कचेरीत जावे. ज्या बहिणीला घरात मारहाण होते, तिने 'झाले गेले' म्हणून गप्प बसावे अशी देवाची इच्छा नाही. हक्क मागणे हे पुढचे पाऊल आहे. पण हक्क मागता मागता मनात द्वेषाचे पीक घेतले, तर त्यात आपलीच जमीन खराब होते.

तसेच सोडणे म्हणजे पुसून टाकणेही नव्हे. संत अगस्तीन यांनी आपल्या तरुणपणीच्या चुका आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिल्या. ज्या गोष्टी त्यांना खाली पाहायला लावत होत्या, त्याच देवापुढे ठेवल्यावर स्तुतीचे कारण झाल्या. आठवण राहते, तिचा ताबा मात्र सुटतो.

प्रभू येशू नांगराला हात घातलेल्या माणसाविषयी बोलतो. आपल्यापैकी ज्यांनी बैलांचे औत हाकले आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. रुमण्यावर हात आणि नजर मागे असली की तास वाकडे जाते. मागचे तास वाकडे झाले असेल, तरी ते पाहत बसून सरळ होत नाही. पुढचे मात्र सरळ काढता येते.

या आठवड्यात प्रत्येकाने आपले एक गाठोडे ओळखावे. ते पापाचे असेल तर प्रायश्चित्त संस्काराला या. रागाचे असेल तर पुढच्या रविवारच्या आत त्या माणसाच्या घरी एकदा जाऊन या. मोठेपणाचे असेल तर एखाद्या तरुणाला पुढे बसवा आणि आपण मागे बसा.

त्या दिवशी मी त्या आजोबांना यिर्मयाचे पत्र वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता लावून मला कुठं फळ मिळायचंय?" मी म्हटले, बाबेलातल्या म्हाताऱ्यांनाही ते मिळाले नव्हते, त्यांच्या नातवंडांना मिळाले. उठताना त्यांनी एवढेच विचारले, "फादर, रोपं चांगली कुठं मिळत्यात?"

प्रभू आपणां सर्वांना मागचे त्याच्या हाती सोपवण्याची आणि पुढे चालण्याची कृपा देवो. आमेन.

ख्रिस्तात आपला,
धर्मग्रामगुरू